आतड्यातली आडनावं

मराठी माणसाचं आतडं पोटात असतं त्याहून जास्त बोलण्यात असतं. लेकरू तापाने फणफणलं की आईचं आतडं तुटतं. परगावी गेलेल्या मुलाकडे आतड्याचा ओढा असतो. अडीनडीला न बोलावता धावून येतात ती आतड्याची माणसं. काळजाकडे धैर्य आणि घाव, पोटाकडे गुपितं आणि क्षमा, आणि आतड्याकडे नातं, अशी आपल्या भाषेने अवयवांना कामं वाटून दिली आहेत. आपलं कोण आणि परकं कोण हे आतड्याला कळतं, असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. वैद्यकाला ही गोष्ट बरीच उशिरा कळली, आणि कळली ती आतड्याची ओळख चुकते अशा एका आजारातून.

आधी शब्द पाहू. आतडं हे संस्कृत 'अंत्र' किंवा 'आंत्र' यावरून आलं आणि त्याच्या मुळाशी 'अंतर्' म्हणजे आत. जे आत असतं ते आतडं, इतकं सरळ. ग्रीक भाषेत त्याच मुळाचा भाऊ 'एंटेरॉन', अर्थ तोच, आतडं. त्याला बिघाड सुचवणारं 'डिस' जोडलं की 'डिसेंट्री' होते. लॅटिनमध्ये हेच मूळ 'इंटर' झालं, म्हणजे आत, मध्ये, दरम्यान. इंटरनेटपासून इंटरव्ह्यूपर्यंत रोज तोंडात असणारा हा 'इंटर' आपल्या आतड्याचा सख्खा नातेवाईक आहे. (इंग्रजी 'बॉवेल' मात्र या घराण्यातला नाही. तो लॅटिनमधल्या छोट्या सॉसेजच्या नावावरून आला. रोमन लोकांनी आतड्याकडे खाटकाच्या दुकानातून पाहिलं.)

याच 'इंटर'मधून १९७९ साली एक नवा शब्द तयार झाला: इंटरल्युकिन. स्वित्झर्लंडमध्ये कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी एर्माटिंगेन नावाचं गाव आहे. तिथे मे महिन्यात शास्त्रज्ञांची एक कार्यशाळा भरली होती. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप म्हणून जी प्रथिनं सोडतात, त्यांच्या नावांचा तोवर पार गोंधळ उडाला होता. ज्या प्रयोगशाळेत प्रथिन सापडलं तिथे त्याचं जे काम दिसलं, त्यावरून नाव पडत होतं. कुणी त्याला ताप आणणारं म्हणे, तर कुणी लिम्फोसाइट पेशींना जागं करणारं. पुढे दोघांच्या हाती एकच रेणू असल्याचं निघे. मग एर्माटिंगेनमध्ये ठरलं की कामावरून नाव नको, नुसता क्रमांक द्यायचा. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-२. आज ही यादी चाळिशीच्या आसपास पोचली आहे.

'ल्युकिन'मधला 'ल्युको' म्हणजे पांढरा, पांढऱ्या पेशींचा. ग्रीक 'ल्युकोस', पांढरा किंवा चकाकणारा. लॅटिनमध्ये या मुळापासून प्रकाशाचा 'लक्स' झाला आणि संस्कृतात 'रुच्', म्हणजे चमकणं. चमकतं ते आवडतं, आवडतं ते रुचतं, म्हणून आपली 'रुची' आणि 'रुचकर'. तेव्हा इंटरल्युकिन या परदेशी भासणाऱ्या शब्दाच्या एका टोकाला आतडं आणि दुसऱ्या टोकाला रुची आहे. एर्माटिंगेनच्या मंडळींच्या हे गावीही नसणार. 'पांढऱ्या पेशींच्या दरम्यानचं' एवढाच त्यांचा हेतू होता, आणि तोही पुढे अपुरा ठरला. कारण हे रेणू आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही सोडतात आणि यकृतातल्या पेशीही त्यांचं ऐकतात. क्रमांकाची युक्ती शहाणपणाची होती. त्याला जोडलेला शब्द मात्र अर्थ सांगायला गेला आणि फसला.

या सगळ्या निरोप्या प्रथिनांचं मोठं कूळ म्हणजे सायटोकाइन. १९६९ साली 'लिम्फोकाइन' असा शब्द आला होता. पण लिम्फोसाइट नसलेल्या पेशीही असलंच काही सोडतात असं दिसल्यावर अमेरिकेत बफेलोला स्टॅन्ली कोहेन यांनी १९७४ साली 'सायटोकाइन' हा जास्त ऐसपैस शब्द रूढ केला. ग्रीक 'कायटॉस' म्हणजे पोकळ भांडं, आणि जीवशास्त्रात पेशी. 'किनेइन' म्हणजे हलवणं, चालवणं. सिनेमातला 'सिने' हाच, तिथे चित्रं हलतात आणि इथे पेशी.

इथे जरा थांबायला हवं. 'कायटॉस'चा भांडं हा अर्थ हिंदीतल्या 'कोशिका'ने नेमका पकडला आहे, कारण कोश म्हणजे साठवण्याची जागा. आपण 'पेशी' घेतली. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायूचा लोळा. हिंदीवाले मसलला 'मांसपेशी' म्हणतात, आपण त्याला 'स्नायू' म्हणतो, आणि संस्कृत ग्रंथांतला स्नायू म्हणजे तर हाडं बांधून ठेवणारा बंध. पुण्यात हिंदी माध्यमातून आलेल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मराठी रुग्णाचं बोलणं समजून घेताना काय कसरत पडत असेल, याचा विचार करावा. पण पेशी आता इतकी रुळली आहे की तिला हलवण्यात अर्थ नाही.

तर या पेशी आतड्यात काय करत असतात? मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर एका पेशीएवढ्या जाडीचं असतं. पेशींची एकच ओळ, तिच्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर, आणि त्या थरापलीकडे अब्जावधी जीवाणू. ओळीच्या अलीकडे प्रतिकारक पेशींची मोठी वस्ती. इतक्या जंतूंच्या इतक्या जवळ शरीरातला दुसरा कुठलाच प्रतिकारक संच राहत नाही. तरीही निरोगी माणसाच्या आतड्यात सहसा लढाई पेटत नाही. इथल्या पेशी ओळखीच्या जंतूंकडे दुर्लक्ष करायला शिकलेल्या असतात.

यासाठी 'इम्युनिटी' या शब्दाचा जुना अर्थ फार कामाचा आहे. लॅटिन 'इम्युनिस' म्हणजे ज्याला सार्वजनिक कर्तव्यातून, करातून माफी आहे असा. 'मुनुस' म्हणजे असं कर्तव्य. ते अंगावर घेणारी ती म्युनिसिपालिटी आणि त्यातून सुटलेला तो इम्यून. आपल्याकडच्या इनाम जमिनीसारखाच हा प्रकार, सारा माफ. मराठीने 'रोगप्रतिकारशक्ती' असा शब्द घडवला आणि त्यात माफीचा पत्ताच राहिला नाही, उरला तो नुसता प्रतिकार. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण आतड्याच्या बाबतीत लॅटिन अर्थच खरा आहे. तिथल्या जंतूंना राहण्याची सनद मिळालेली असते. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणजे 'आयबीडी', त्यात ही सनद रद्द होते. काही जनुकं, काही बाहेरची परिस्थिती, जंतूंच्या मेळ्यात झालेला बदल, असं बरंच काही एकत्र येतं आणि अस्तराखालच्या पेशी शेजाऱ्यांनाच शत्रू मानू लागतात. त्यांनी सोडलेली सायटोकाइन आणखी पेशींना बोलावतात आणि त्या पेशी आणखी सायटोकाइन सोडतात. अस्तराचे सांधे ढिले पडतात, जंतू आत शिरतात, आणि मग संशय खराच ठरतो.

डॉक्टर रुग्णाला हे एका वाक्यात सांगतात: 'आतड्यांना सूज आहे.' वाक्य उत्तम आहे. त्यापेक्षा सरकारी थाटाचं 'दाहक आतडी रोग' कानाला खुपतं. दाहक म्हणजे जाळणारं, आणि इथे आतडी कुणाला जाळत नाहीत, त्यांनाच जाळलं जातंय. इंग्रजीतल्या 'इन्फ्लमेशन'मध्येही ज्वालाच आहे. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिची लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं लिहून ठेवली. त्यातल्या सुजेला त्याने वापरलेला शब्द 'ट्यूमर'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आयुर्वेदातला शब्द 'शोथ'. तो 'श्वि' या धातूपासून आला, आणि धातुपाठात 'श्वि'चे दोन अर्थ दिले आहेत: गती आणि वृद्धी. शून्यही याच धातूचं, फुगलेलं म्हणून आतून पोकळ. मला यातली गती फार महत्त्वाची वाटते. सूज ही नुसती वाढ नव्हे, रक्तातून पेशी चालत येतात म्हणून ती येते. त्यांना चालवणारी प्रथिनं ती 'काइन'. जुन्या वैयाकरणांना सायटोकाइन ठाऊक होती असं म्हणायचा वात्रटपणा मी करणार नाही. तसं म्हणणारे पुष्कळ आहेत. शब्द चांगला आहे, एवढंच.

आता 'ट्यूमर'कडे वळू. आयबीडीचे मुख्य प्रकार दोन, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यांच्या रुग्णाला कधीकधी 'बायोलॉजिक' नावाचं इंजेक्शन सुचवलं जातं. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचा तो खोका घरी येतो. आत घडी घातलेलं पातळ कागदाचं पत्रक असतं. रुग्ण नाही तर त्याचा भाऊ ते उजेडात धरून वाचतो, आणि पहिल्याच परिच्छेदात दिसतं: हे औषध ट्यूमर नेक्रॉसिस फॅक्टर रोखतं. घरात शांतता पसरते. ट्यूमर? म्हणजे डॉक्टरांनी काही लपवलं का?

काहीही लपवलेलं नसतं. हे त्या प्रथिनाचं आडनाव आहे. कुलकर्णी आडनावाचा माणूस आज बँकेत असतो, गावाचं दप्तर त्याच्या पणजोबांनी सोडलं त्याला जमाना झाला. ट्यूमर नेक्रॉसिस फॅक्टरचं, म्हणजे टीएनएफचं, तसंच आहे, फरक इतकाच की याच्या घराण्यात ते दप्तर धड कुणी सांभाळलंच नव्हतं.

त्याचं असं झालं. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे शल्यचिकित्सक होते. जंतुसंसर्गाचा जोराचा ताप येऊन गेल्यावर काही रोग्यांची कर्करोगाची गाठ विरघळते, हे त्यांच्या लक्षात आलं. १८९१ साली त्यांनी मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली. धाडस विलक्षण होतं, पण गुण येईलच याची खात्री नसे. पुढे याच शहरात मेमोरियल स्लोन-केटरिंग या कर्करोग संस्थेत लॉइड ओल्ड आणि एलिझाबेथ कार्सवेल यांच्या चमूने बीसीजी टोचलेल्या उंदरांना जंतूंचं विष दिलं, त्यांच्या रक्तातला द्रव घेतला आणि तो दुसऱ्या उंदरांच्या गाठींवर वापरला. गाठी आतून काळ्या पडून मेल्या. १९७५ साली त्या द्रव्याला नाव मिळालं ट्यूमर नेक्रॉसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक. ग्रीक 'नेक्रोस' म्हणजे मृत, आणि त्याचं मूळ आपल्या 'नाश'शी जुळतं. गाठीचा नाश करणारा, असं भारदस्त नाव.

त्याच सुमारास रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. ट्रिपॅनोसोम नावाच्या परजीवीची लागण झालेली जनावरं खंगून का मरतात? अंगात परजीवी फारसे दिसत नाहीत, तरी जनावर सुकत जातं. खंगवणारा घटक शोधून त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'कॅकेक्टिन'. ग्रीक 'काकोस' म्हणजे वाईट आणि 'हेक्सिस' म्हणजे अवस्था, दोन्ही मिळून दुरवस्था. १९८५ साली त्यांचे तरुण सहकारी ब्रूस बॉयटलर आणि मंडळींनी दाखवलं की गाठ मारणारा घटक आणि खंगवणारा घटक एकच आहे. दोन नावांतलं एक मरायचं होतं. गाठीवालं जगलं, कारण कर्करोगाच्या औषधाची आशा सगळ्यांना होती. प्रत्यक्षात हे प्रथिन शिरेतून दिलं तेव्हा रुग्णांचा रक्तदाब ढासळला. पूर्ण शरीरात देण्याचं कर्करोगावरचं औषध म्हणून ते काही उभं राहिलं नाही. मला विचाराल तर कॅकेक्टिन हे नाव टिकायला हवं होतं. वजन उतरलेला, चेहरा ओढलेला क्रोन्सचा रुग्ण पाहिला की कुठलं नाव खरं ते कळतं, आणि पत्रक वाचून कुणाच्या घरात घबराटही झाली नसती.

कारण या प्रथिनाचं खरं कर्तृत्व सांध्यांत आणि आतड्यांत निघालं. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफ रोखून संधिवाताची सूज उतरवून दाखवली. १९९३ साली अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी क्रोन्सने बेजार झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीला टीएनएफविरोधी प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, दिल्याचं प्रसिद्ध केलं. मुलीला चांगला उतार पडला होता. १९९८ साली अमेरिकेत त्या प्रतिपिंडाला क्रोन्ससाठी परवानगी मिळाली. त्याचं नाव इन्फ्लिक्सिमॅब.

हे नाव उच्चारताना केमिस्टही अडखळतो, पण ते सोडवायला मजा येते. शेवटचा 'मॅब' म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. त्याआधीचा 'क्सि' म्हणजे कायमेरिक. मधला 'लि' सांगतो की लक्ष्य प्रतिकारसंस्था आहे. सुरुवातीचा 'इन्फ' फक्त नाव वेगळं पडावं म्हणून. यातला कायमेरिक हा शब्द ग्रीक पुराणातला. तोंड सिंहाचं, धड शेळीचं, शेपूट सापाचं असा तो राक्षस, 'खिमैरा'. या प्रतिपिंडाचा सुमारे पाव भाग उंदराचा आणि बाकीचा माणसाचा असल्यामुळे ते नाव. पण 'खिमैरा'चा मूळ अर्थ राक्षस नव्हेच. एक हिवाळा पाहिलेली शेळी, म्हणजे वर्षाची पाठ. हिवाळ्याच्या त्या ग्रीक शब्दाचं आणि आपल्या 'हिम', 'हेमंत' यांचं मूळ एकच आहे. औषधाच्या खोक्यावरच्या त्या न उच्चारता येणाऱ्या 'क्सि'मध्ये हेमंत ऋतू बसला आहे, हे सांगून कुणाचा आजार कमी होत नाही, पण खोक्याची भीती थोडी कमी होते. पुढच्या अॅडालिमुमॅबमध्ये 'क्सि' जाऊन 'उ' आला, म्हणजे पूर्ण मानवी. त्याची पहिली जैवसदृश प्रत २०१४ साली बाजारात आली ती भारतात, झायडस कॅडिलाची. उस्टेकिनुमॅबमधला 'किन' इंटरल्युकिनचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये नव्या औषधांसाठी 'मॅब' हा प्रत्ययच बंद केला, कारण अशी नावं इतकी झाली की ती एकमेकांत मिसळू लागली.

टीएनएफची गोष्ट एकट्याची असती तर योगायोग म्हणून सोडून दिली असती. पण आयबीडीमध्ये नाव आणि काम यांची फारकत पुन्हा पुन्हा दिसते. इंटरल्युकिन-१७ घ्या. सुजलेल्या आतड्यात ते भरपूर सापडतं, सोरायसिसमध्ये त्याला रोखलं की त्वचा निवळते. मग क्रोन्समध्येही रोखून पाहू, असं वाटणं साहजिक होतं. सेक्युकिनुमॅब देऊन पाहिलं. २०१२ साली निकाल आला: उपयोग नाहीच, काहींचा आजार उलट वाढला. जागेवर सापडला म्हणून ज्याला चोर ठरवलं तो पहारेकरी निघाला. हे प्रथिन आतड्याचं अस्तर राखतं आणि बुरशीला आवरतं.

इंटरल्युकिन-१०ची कथा याच्या उलट. ते १९८९ साली सापडलं तेव्हा त्याचं नाव होतं 'सायटोकाइन संश्लेषण रोखणारा घटक'. म्हणजे निरोप्यांना गप्प करणारा निरोप्या. १९९३ साली ज्या उंदरांत हे जनुक काढून टाकलं त्यांना आतड्याची सूज आली. २००९ साली जर्मनीतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने दिसून आलं की तान्ह्या वयातच भयंकर आयबीडी होणाऱ्या काही बाळांत याच इंटरल्युकिनचं ग्राहक-प्रथिन सदोष असतं. निरोप निघतो, घेणारं कुणी नसतं. त्यातल्या एका मुलाचा आजार मूळपेशींच्या रोपणानंतर आटोक्यात आला. इतका स्पष्ट पुरावा हाती असताना क्रोन्सच्या मोठ्या रुग्णांना हेच प्रथिन औषध म्हणून दिलं, तर फारसा गुण येत नाही.

इंटरल्युकिन-२३ने तर दुसऱ्याच्या नावावर शिक्षा घेतली. ते दोन तुकड्यांचं प्रथिन आहे, आणि त्यातला एक तुकडा इंटरल्युकिन-१२शी सामाईक आहे. २००० साली ते वेगळं ओळखलं जाईपर्यंत त्याचा दोष १२च्या खात्यावर पडत होता. २००६ साली आयबीडीच्या रुग्णांच्या जनुकांत २३च्या ग्राहक-प्रथिनातला फरक सापडला आणि नजरा तिकडे वळल्या. आज या आजारावरची नवी औषधं थेट २३ला रोखतात. रिसँकिझुमॅब त्यातलंच, क्रोन्ससाठी २०२२पासून. गोळ्यांमध्ये टोफासिटिनिब येतं, ते पेशीच्या आतले 'जेनस कायनेज' नावाचे एन्झाइम अडवतं. रोमन देव जेनस दोन तोंडांचा, जानेवारी त्याचाच. पण 'जेएके' ही आद्याक्षरं सुरुवातीला 'जस्ट अनदर कायनेज', म्हणजे 'आणखी एक कायनेज', अशा कंटाळलेल्या शेऱ्यातून आली. देव नंतर बसवला.

सायटोकाइन हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरात पोचला तो मात्र आतड्यामुळे नव्हे. २०२१च्या दुसऱ्या लाटेत 'सायटोकाइन स्टॉर्म' पेपरात रोज येत होतं आणि टोसिलिझुमॅबच्या कुपीसाठी नातेवाईक गावोगाव फोन फिरवत होते. ते औषध इंटरल्युकिन-६चं ग्राहक-प्रथिन अडवतं. हेच ६ यकृताला सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन बनवायला सांगतं, म्हणून तेव्हा सगळे एकमेकांना सीआरपीचे आकडे विचारत. आयबीडीचे रुग्ण तो आकडा वर्षानुवर्षं सांभाळत आले आहेत. त्यातला 'सी' क्रोन्सचाही नाही आणि कोविडचाही नाही. १९३० साली न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या अंशाशी हे प्रथिन चिकटताना दिसलं, तेवढ्यावर ते नाव पडलं. न्यूमोनियाचा संबंध नसलेल्या लाखो रिपोर्टांवर तो 'सी' अजून छापला जातो.

आजारांची नावंही काही फार वेगळी नाहीत. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या तिघांनी चौदा रुग्णांवर निबंध लिहिला. वर्णानुक्रमाने बरिल क्रोन पहिले आले, आजार त्यांच्या नावावर झाला, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर मागे राहिले. ग्लासगोच्या डॅल्झेल यांनी असेच रुग्ण १९१३मध्येच वर्णिले होते. मराठीत त्याचं 'क्रॉन्स', 'क्रोहन', 'क्रोन' असं काहीही होतं. होऊ द्यावं.

'अल्सरेटिव्ह कोलायटिस'मधल्या 'अल्सर'कडे मात्र नीट बघायला हवं. लॅटिन 'उल्कुस', ग्रीक 'हेल्कोस', अर्थ जखम, व्रण. संस्कृतात याच मुळाचा शब्द 'अर्श', म्हणजे मूळव्याध. भाषाशास्त्राच्या कोशात अल्सर आणि अर्श भावंडं आहेत, आणि आपल्या घरांत ती अजून एकमेकांच्या नावाने वावरतात. शौचाला रक्त दिसलं की निदान ठरलेलं: मूळव्याध. तिखट बंद, ताक सुरू, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण. सोबत शेम पडत असेल तर 'आव'. हा शब्द 'आम'वरून आला, म्हणजे कच्चं, न पचलेलं. ग्रीकमध्ये कच्च्याला 'ओमोस' म्हणतात, तोही त्याचाच भाऊ. महिनोन्‌महिने जुलाब थांबले नाहीत तर 'संग्रहणी'. यातला एकही शब्द चुकीचा नाही. प्रत्येकाने एकेक लक्षण अचूक टिपलंय. पण लक्षणाला नाव मिळालं की आपण शोध थांबवतो, आणि कोलायटिसचे कित्येक रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोचतात तेव्हा मधला बराच काळ मूळव्याधीच्या नावाखाली गेलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक नाव आडवं येतं, क्षयाचं. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोघांनाही लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्याची सुरुवात आवडते. कोलोनोस्कोपीत दोन्ही इतके सारखे दिसू शकतात की अनुभवी डॉक्टरही तुकडा तपासल्याशिवाय बोलत नाहीत. हा फरक जिवावरचा आहे. क्षयाच्या जंतूंभोवती शरीर पेशींचं कडं उभारतं, आणि ते टिकवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. टीएनएफ रोखलं की कडं ढिलं होतं आणि आत झोपलेला क्षय उठतो. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झाल्याचे रुग्ण २००१ साली समोर आले, तेव्हापासून असं इंजेक्शन देण्याआधी क्षयाची तपासणी सक्तीची झाली. गाठीच्या नावाने ओळखलं जाणारं हे प्रथिन आपल्या देशात कुठली मोठी कामगिरी करतं असेल, तर ती ही.

सायटोकाइनला मराठी प्रतिशब्द काढण्याच्या भानगडीत कुणी पडू नये, असं माझं मत आहे. 'पेशीचालक' म्हणा की 'पेशीगतिक', तो पुन्हा कामावरून दिलेलं नाव ठरेल. सायटोकाइनच राहू द्यावं, टोमॅटो राहिला तसं. मराठीची गरज दुसरीकडे आहे, औषधाच्या खोक्यातल्या पत्रकात. तिथे दोन सोप्या ओळी हव्यात: या औषधाच्या माहितीत ट्यूमर हा शब्द एका प्रथिनाच्या नावाचा भाग म्हणून आला आहे, तुम्हाला कर्करोग आहे असा त्याचा अर्थ नाही.

त्या ओळी छापल्या जातील तेव्हा जातील. तोवर एवढं करा. शौचाला रक्त पडतंय, जुलाब तीन-चार आठवडे हटत नाहीत, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, वजन उतरतंय, यातलं काही असेल तर मूळव्याधीचं चूर्ण आणण्याआधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवा आणि आतड्याची सूज दाखवणाऱ्या, शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीबद्दल विचारा. आणि घरात कुणाचं बायोलॉजिक सुरू असेल, तर पत्रकातला एखादा शब्द वाचून इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका. तो शब्द डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्याचा अर्थ विचारा.